भुवईचा एक केस

शाबानची २९ तारीख आली की मगरिबची नमाज आटोपताच मशिदीच्या गच्चीवर गर्दी होते. पश्चिमेकडे इमारतींच्या फटीतून जेवढे आकाश दिसेल तेवढ्यावर सगळ्यांच्या नजरा खिळतात. पोरे 'तो बघ, तो बघ' म्हणून बोटे दाखवतात, वडीलधारे कपाळावर हात आडवा धरून पाहतात आणि नुसतीच मान हलवतात. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर दुसऱ्या शहरातून फोटो येऊन पडतो. मग हिलाल समितीच्या निर्णयाची वाट पाहणे सुरू होते. आज तरावीह पढायची की नाही, पहाटे सहेरीला उठायचे की नाही, दूधवाल्याला दोन लिटर जादा सांगायचे की नाही, सगळे त्या निर्णयावर अडलेले असते. महिन्याने ईदच्या वेळी हाच प्रसंग पुन्हा येतो आणि तेव्हा तर शिंपी, मिठाईवाला, शाळेची सुट्टी, गावाकडे जाणारी एसटी असे कितीतरी जण त्यात गुंतलेले असतात. शेजारची हिंदू मंडळीही शिरखुर्म्याच्या हिशेबाने विचारतात, "काय, उद्या का परवा?"

या वाट पाहण्याची दरवर्षी थोडी थट्टाही होते. माणसाची याने चंद्रावर उतरली तरी यांना चंद्र दिसला की नाही ते ठरत नाही, असे म्हटले जाते. थट्टा करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण तिच्यामागे एक गैरसमज आहे. चंद्र कोणत्या क्षणी आकाशात कुठे असेल हे गणिताने सेकंदापर्यंत सांगता येते, त्याबद्दल कुणाचाच वाद नाही. तो डोळ्याला दिसेल का, हा मात्र निराळा प्रश्न आहे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेली असते आणि तेवढी पुरते, कारण तो कृष्ण चतुर्थीचा भरघोस चंद्र असतो. डोंगराआडून वर आला की आंधळ्यालाही कळावे असा. रमजानचा चंद्र म्हणजे मावळत्या सूर्याच्या उजेडात बुडालेली, नखाच्या कडेएवढी रेघ, आणि तीही अर्ध्या-पाऊण तासात मावळणारी. तिथे डोळा, हवा, काच आणि मन या चौघांचीही परीक्षा असते. आणि या चौघांतला एकही निर्दोष नाही.

बसरा शहरातली एक जुनी गोष्ट अरबी चरित्रग्रंथांत सांगितलेली आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची सेवा केलेले हजरत अनस बिन मालिक (रजि.) तेव्हा वयाच्या शंभरीला टेकले होते. रमजानचा चंद्र पाहायला लोक जमले आणि हजरत अनस म्हणाले, मला दिसला, तो तिथे आहे. बाकी कुणालाच काही दिसेना. आता करायचे काय? ज्यांनी प्रेषितांना डोळ्यांनी पाहिले त्यांना खोटे कसे म्हणायचे, आणि जे दिसत नाही त्याला होय तरी कसे म्हणायचे? गर्दीत इयास बिन मुआविया नावाचा तल्लख माणूस होता, जो पुढे याच शहराचा काझी झाला. तो वाद घालत बसला नाही. त्याने वृद्ध अनस यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. भुवईचा एक केस वाकून डोळ्यापुढे आला होता. त्याने हलक्या हाताने भुवई पुसून सारखी केली आणि आदराने विचारले, "आता दाखवा बरे, चंद्र कुठे आहे?" हजरत अनस यांनी पुन्हा पाहिले आणि म्हणाले, आता दिसत नाही.

ही गोष्ट बहुतेक वेळा इयासच्या हुशारीसाठी सांगितली जाते. तिच्यात हुशारीपेक्षा मोठे असे काही आहे. साक्षीदार प्रामाणिक होता, त्याला खरोखरच चंद्रकोर दिसत होती, आणि तरीही चंद्र तिथे नव्हता. खोटे बोलणे आणि चुकीचे दिसणे यांतला फरक इयासला कळला होता. चूक माणसात न शोधता त्याने ती प्रकाशाच्या वाटेत शोधली. प्रकाशाचे शास्त्र पुढे हेच काम करत आले आहे.

योगायोग असा की त्याच बसऱ्यात, साधारण अडीचशे वर्षांनी, सन ९६५ च्या सुमारास अबू अली हसन इब्न अल-हैथम जन्मला. पुढे तो कैरोत गेला आणि तिथेच १०४० च्या आसपास वारला. 'किताब अल-मनाझिर' हा त्याचा सात खंडांचा ग्रंथ प्रकाश आणि दृष्टी यांवरचा आहे. डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात ही जुनी समजूत त्याने सोडली. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे त्याने प्रयोग आणि युक्तिवाद यांच्या बळावर मांडले. हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. कमी ठाऊक आहे ते असे की या ग्रंथाचा तिसरा खंड दृष्टीच्या चुकांना वाहिलेला आहे. डोळ्याला बरोबर दिसण्यासाठी आठ गोष्टी माफक प्रमाणात असाव्या लागतात, असे तो म्हणतो: अंतर, समोरची स्थिती, प्रकाश, आकार, वस्तूचा घनपणा, मधल्या हवेचा पारदर्शकपणा, पाहायला मिळालेला वेळ आणि डोळ्याचे आरोग्य. यातली एखादी गोष्ट प्रमाणाबाहेर गेली की डोळा फसतो. ही यादी घेऊन २९ तारखेच्या गच्चीवर उभे राहून पाहावे. अंतर पावणेचार लाख किलोमीटरच्या वर, आकार केसाएवढा, प्रकाश संधिकाळाचा, हवेत धूळ आणि धूर, वेळ मोजकी, आणि पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांना चष्मा. आठांपैकी एकही अट धड पाळली जात नाही. क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटतो तो मनाच्या अंदाजामुळे, हेही त्याने सातव्या खंडात मांडले आहे.

याच माणसाने आरशांवर एक वेगळी छोटी पुस्तिका लिहिली. सूर्यकिरण एकत्र आणून जाळणारे आरसे, हा त्या काळचा आवडता विषय होता. प्रश्न साधा आहे. गोलाचा एक तुकडा कापून त्याच्या आतल्या बाजूचा आरसा केला, तर सूर्याचे सगळे किरण एका ठिकाणी जमतील का? सहज वाटते की जमतील. पण नाही जमत. मधल्या भागावर पडलेले किरण थोडे लांब जाऊन भेटतात, कडेवर पडलेले अलीकडेच भेटतात. आरशावर एकात एक वर्तुळे काढली, तर प्रत्येक वर्तुळावरचे किरण आपापल्या वेगळ्या बिंदूत जमतात. यालाच आज गोलीय विपथन म्हणतात. पितळेच्या वाटीत चहा असताना तळाशी बदामासारखी जी उजेडाची टोकदार रेघ दिसते, ती याच दोषाची सही आहे. सगळे किरण एका बिंदूत आणायचे तर आरसा गोलाचा नको, अन्वस्ताचा हवा. ग्रीक दिओक्लीसला हे ठाऊक होते. इब्न अल-हैथमने ते सविस्तर सिद्ध करून दाखवले.

त्याच्याही आधी, सन ९८४ च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न सह्ल नावाच्या गणितज्ञाने भिंगांबाबत असेच काम केले होते. काचेत शिरताना किरण किती वाकतो याचा नेमका भूमितीय नियम त्याने वापरला. युरोपात तो नियम १६२१ च्या सुमारास स्नेलच्या हाती लागला आणि त्याच्याच नावाने शाळेत शिकवला जातो. त्या नियमावरून इब्न सह्लने दाखवले की भिंगाचा पृष्ठभाग अपास्ताच्या आकाराचा असेल तर किरण एकाच बिंदूत जमतील, धूसरपणा राहणार नाही. या पुस्तिकेचे तुकडे दमास्कस आणि तेहरान इथल्या हस्तलिखितांत विखुरले होते. रोश्दी राशेद या अभ्यासकाने ते जुळवून हे काम जगापुढे आणले ते १९९० साली.

या ठिकाणी थोडे स्पष्ट बोलायला हवे. रमजान आला की 'सगळे शोध आपल्याच पूर्वजांनी लावले' अशा अर्थाचे संदेश फिरू लागतात. इब्न अल-हैथमने दुर्बीण बनवली, असेही त्यांत असते. त्याने दुर्बीण बनवलेली नाही. ती १६०८ साली हॉलंडमध्ये पुढे आली, सहाशे वर्षांनी. इब्न सह्लचा नियम खरा होता, पण तो पोथीत झाकून राहिला. तो कुणी पुढे नेला नाही, त्यावर कारखाना निघाला नाही, त्यातून एकही भिंग घासले गेले असा पुरावा नाही. हा अभिमानाइतकाच हळहळीचा विषय आहे. उलट, इब्न अल-हैथमचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बाझलला छापला गेला आणि केप्लरसारख्यांपर्यंत त्याची शिकवण पोचली, म्हणून तो जिवंत राहिला. अशा बढायांची हौस एकाच समाजाला आहे असे नाही, हे या शहरातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुर्बीण हाती आली तसे दोषही मोठे होऊन दिसू लागले. गॅलिलिओने १६१० मध्ये शनी पाहिला तो त्याला तीन तुकड्यांचा वाटला. मधे मोठा गोळा, दोन्ही बाजूंना छोटे कान. दोन वर्षांनी ते कान नाहीसे झाले आणि तो चक्रावला. ते कडे आहे, हे हायगेन्सने १६५९ च्या ग्रंथात उलगडले. काच आणखी एक खोडी काढत होती. तांबडा आणि निळा प्रकाश ती सारखा वाकवत नाही. निळा अलीकडे जमतो, तांबडा पलीकडे, आणि प्रत्येक ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते. हे वर्णीय विपथन. झालर कमी करायचा एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे भिंगाचा फुगवटा कमी करून नळी लांब करायची. लांब म्हणजे किती? डान्झिगच्या हेवेलियसने दीडशे फुटांची दुर्बीण खांबाला टांगली होती. वाऱ्याची झुळूक आली की ती हलायची आणि तारा पळायचा. न्यूटनने या त्रासाला कंटाळून १६६८ मध्ये भिंगच सोडले आणि आरशाची दुर्बीण केली, कारण परावर्तनात रंग फुटत नाहीत. काचेचा हा दोष कधी जाणारच नाही, असे तो मानत होता. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटल्यावर बरीच वर्षे कुणी प्रयत्नही केला नाही.

प्रयत्न केला तो चेस्टर मूर हॉल नावाच्या एका इंग्रज वकिलाने, १७२९ नंतर. दोन वेगळ्या जातींच्या काचा एकमेकींना चिकटवल्या तर एकीची रंगफूट दुसरी फेडते, अशी त्याची कल्पना होती. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगे लंडनमधल्या दोन वेगवेगळ्या कारागिरांकडे घासायला टाकली. दोघांनाही काम जास्त होते, म्हणून दोघांनी ते बाहेर दिले, आणि नेमके एकाच माणसाला, जॉर्ज बासला. बासच्या लक्षात आले की दोन्ही भिंगे एकमेकांत बेमालूम बसतात. गुपित असे फुटले. पुढे जॉन डॉलंडने १७५८ मध्ये पेटंट घेतले. पेटंटवरून खटले झाले तेव्हा न्यायालयाचा कौल असा पडला की शोध कपाटात बंद ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांच्या उपयोगी आणणाऱ्याचा हक्क मोठा. हॉलला शोधाचे श्रेय आज मिळते, पण चष्म्याच्या दुकानांवर पाटी डॉलंडचीच लागली.

आता १९९० साल. ज्या वर्षी इब्न सह्लची पोथी उजेडात आली त्याच वर्षी एप्रिलमध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली. हवेचा पडदाच नको म्हणून दुर्बीण पृथ्वीबाहेर नेण्याचे खगोलशास्त्रज्ञांचे जुने स्वप्न होते. आरसा २.४ मीटर रुंद, दीड अब्ज डॉलरचा खर्च, आणि इतका गुळगुळीत पृष्ठभाग की तोवर जगात कुणी घासला नव्हता. मे महिन्यात पहिली चित्रे आली. तारे टाचणीच्या टोकासारखे यायला हवे होते, ते झालरीचे ठिपके होऊन आले. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश मधल्या बारीक वर्तुळात मावायला हवा होता, तो १५ टक्क्यांच्या आसपास मावत होता. जूनच्या शेवटी जाहीर करावे लागले की आरशात गोलीय विपथन आहे. तोच दोष, इब्न अल-हैथमच्या पुस्तिकेतला. आरशाची कडा हवी त्यापेक्षा २.२ मायक्रॉनने सपाट घासली गेली होती. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या विनोदवीरांना वर्षभराचे खाद्य मिळाले.

चौकशी समिती बसली आणि तिने जे शोधून काढले ते कुणाही मिस्त्रीला पटेल असे आहे. आरसा बरोबर घासला जातोय का, हे तपासायला कारखान्यात एक उपकरण होते, दोन छोटे आरसे आणि एक भिंग यांचे. त्या भागांतले अंतर मोजायला धातूची एक दांडी होती. दांडीच्या टोकावर टोपी, टोपीला मधोमध भोक. लेझरचा किरण भोकातून आत जाऊन दांडीच्या टोकावर आपटून परत यायला हवा होता. टोपी चकाकू नये म्हणून तिच्यावर काळा थर दिला होता, आणि तो एका जागी टवका उडून निघाला होता. किरण तिथेच, टोपीवरच, आपटून परत आला. अंतर १.३ मिलिमीटरने चुकले. भिंग ठरल्या जागी बसेना तेव्हा कामगारांनी साध्या वायसर घालून ते बसवले. आणि मग त्या चुकीच्या मापाने, अत्यंत काळजीपूर्वक, अत्यंत अचूकपणे, महिनोन्‌महिने आरसा घासला गेला. आकार चुकीचा आणि सफाई जगात पहिल्या नंबरची.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच कारखान्यात आणखी दोन तपासण्या झाल्या होत्या, वेगळ्या आणि साध्या उपकरणांनी. दोन्हींनी सांगितले होते की आरशात दोष दिसतो. दोन साक्षीदार, दोघांची साक्ष एकच. पण ती उपकरणे कमी अचूक मानली जात. महागडे उपकरण म्हणते आरसा निर्दोष आहे, मग या साध्यांचे कोण ऐकतो? दोष त्यांच्यातच असणार, असे ठरवून तो कागद बाजूला पडला. वेळ कमी होता, खर्च वाढत होता, अख्खी दुर्बीण जोडून एकदा पाहावी तर त्यालाही पैसे नव्हते. आणि मोठे उपकरण चुकू शकते ही शंका घेणे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

चंद्राच्या साक्षीबाबत फिकहच्या जुन्या ग्रंथांनी जे नियम घालून ठेवले आहेत, ते या प्रकारानंतर नव्याने वाचण्यासारखे आहेत. भारतात बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत, कोकणात शाफई. हनफी मताप्रमाणे आकाश ढगाळ असेल तर रमजानच्या चंद्रासाठी एका भरवशाच्या माणसाची साक्ष चालते, ईदच्या चंद्रासाठी दोन साक्षीदार लागतात. पण आकाश स्वच्छ असेल तर एक-दोघांवर भागत नाही, मोठा जमाव पाहिजे. कारण उघड आहे. स्वच्छ आकाशात सगळे एकाच दिशेला बघत असताना एकालाच दिसला, तर त्याच्या डोळ्यापुढे केस असण्याची शक्यता जास्त. आणि ज्याची साक्ष काझीने मानली नाही, त्याने स्वतः पाहिले असेल तर स्वतः रोजा ठेवावा, असेही सांगितले आहे. म्हणजे साक्ष नाकारली तरी त्याला कुणी लबाड ठरवलेले नाही. साक्षीदाराचा दर्जा किंवा त्याच्या उपकरणाची किंमत इथे मोजली जात नाही, त्याचा भरवसा आणि परिस्थिती मोजली जाते. हबलच्या कारखान्यात हे उलटे झाले.

अर्थात जमावही चुकतो. १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्लीने मंगळावर रेघा पाहिल्या आणि नंतर पुष्कळ वर्षे दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या अनेकांना त्या दिसत राहिल्या. पर्सिव्हल लॉवेलने तर तिथे कालवे खोदणारी संस्कृतीच उभी केली. इंग्लंडच्या माँडरने शाळेतल्या मुलांना लांबून एक चित्र दाखवून ते काढायला सांगितले. चित्रात नुसते ठिपके आणि डाग होते, पण कित्येक मुलांनी सरळ रेघा काढल्या. ठिपके जोडण्याचे काम डोळा आणि मेंदू परस्परच करून टाकतात. गच्चीवर एकाने बोट दाखवले की चौघांना चंद्र दिसू लागतो तो याच वाटेने.

हबल दुरुस्त झाली, आणि ती कशी, हे वाचताना रोजेदाराचाही थकवा जावा. चूक किती आहे हे नेमके कळले होते, कारण ते चुकीचे उपकरण नऊ-दहा वर्षांनंतरही कारखान्यात जसेच्या तसे होते. समितीने तेच पुन्हा मोजले. चूक अचूक असल्यामुळेच तिच्यावर चष्मा बनवता आला. नाण्याएवढ्या आरशांच्या जोड्या दुर्बिणीच्या पोटात, प्रकाशाच्या वाटेत, नेमक्या जागी धरायच्या होत्या. त्या तिथवर न्यायच्या कशा, हा पेच जेम्स क्रॉकर या अभियंत्याला जर्मनीतल्या एका हॉटेलच्या न्हाणीघरात सुटला. तिथला शॉवर दांडीवर खालीवर सरकणारा आणि घडी होणारा होता. घडी घालून आत न्यायचे आणि आत गेल्यावर हात उघडायचे. डिसेंबर १९९३ मध्ये एन्डेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून ते बसवले. नव्या कॅमेऱ्याला चष्मा आतूनच घातला होता. आरसा कुणी बदलला नाही, बदलणे शक्यही नव्हते. तो आजही तसाच चुकीचा आहे आणि गेल्या तीस वर्षांतली सगळी गाजलेली चित्रे त्यानेच दिली आहेत.

पृथ्वीवर राहणाऱ्यांचा आणखी एक चष्मा आहे, तो कुणी घातलेला नाही. तो म्हणजे हवा. क्षितिजाजवळून येणारा प्रकाश हवेत वाकतो, सुमारे ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. सूर्याची आणि चंद्राची रुंदी साधारण अर्ध्या अंशाचीच. अर्थ असा की मावळता सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा भूमितीच्या हिशेबाने तो सबंध खाली गेलेला असतो. दिसतो तो हवेने उचलून धरलेला. महाराष्ट्रात यामुळे सूर्यास्त सव्वादोन-अडीच मिनिटे उशिरा होतो. इफ्तारच्या वेळापत्रकात ही मिनिटे धरलेलीच असतात, कारण पंचांग असो वा नौकानयनाचे कोष्टक, सूर्यास्त म्हणजे दिसणारा सूर्यास्त. खजूर हातात धरून अजानची वाट पाहणारा प्रत्येक रोजेदार रोज या विपथनाइतका जास्त थांबतो आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केलेली ऐकिवात नाही. दिसण्याला मान देणे आणि गणिताला मान देणे या दोन्ही गोष्टी एकाच ताटात बसतात, याचे हे रोजचे उदाहरण आहे. चंद्राच्या बाबतीत मात्र एकीकडे 'गणित पुरे, पाहायचे कशाला' आणि दुसरीकडे 'गणिताचे नावच काढू नका' अशी दोन टोके धरून भांडण होते.

मधली वाट अगदी वापरातली आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजों याने गेल्या शतकात दाखवले की चंद्र सूर्यापासून सुमारे सात अंशांच्या आत असेल तर कोर डोळ्यांना दिसत नाही. अशा संध्याकाळी कुणी साक्ष घेऊन आला तर त्याच्यावर चिडायचे कारण नाही, भुवई पुसायची. दुर्बीण वापरावी की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत आणि ते त्यांनीच सोडवायचे आहेत. पण दुर्बीण निर्णयासाठी नको असेल तरी जागा दाखवायला चालते. कुठे पाहायचे ते आधी कळले की डोळा कमी फसतो. संवेदकांचे बळ कुठवर गेले आहे, तेही माहीत असावे. ८ जुलै २०१३ रोजी, त्या वर्षीच्या रमजानच्या तोंडावर, फ्रान्सच्या तिएरी लगोने ऐन अमावास्येच्या क्षणी, भर दिवसा, चंद्रकोरीचे छायाचित्र घेतले. त्या कोरीवर कुणी रोजा धरणार नाही, ती डोळ्याला दिसतच नव्हती. म्हणजे 'कॅमेऱ्यात आला' आणि 'चंद्र दिसला' हे एक नव्हे.

मोबाइलच्या फोटोंबाबत तर जास्तच सावध राहायला हवे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाच-सहा छोटी भिंगे एकावर एक असतात आणि रस्त्याच्या दिव्याचा उजेड त्यांत इकडून तिकडे आपटून एक फिकट भूत तयार करतो. ते बऱ्याचदा कोरीसारखेच वाकडे असते. ओळखायची रीत सोपी आहे. दिवा चित्रात उजवीकडे खाली असेल तर भूत डावीकडे वर असते, मध्याच्या बरोबर उलट बाजूला, आणि फोन जरा हलवला की ते आकाशात पळू लागते. खरा चंद्र पळत नाही. दुसरी खूण कोरीच्या पाठीची. तिची उजळ पाठ नेहमी मावळलेल्या सूर्याकडे असते, टोके विरुद्ध बाजूला. वसंताच्या सुमारास आपल्याकडे कोर होडीसारखी आडवी दिसते, टोके वर करून. टोके खाली वाकलेली कोर पाहिली, असे कुणी सांगितले, तर त्याने काहीतरी पाहिले असेल, चंद्र पाहिलेला नाही.

शहरातल्या हिलाल समित्यांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल: साक्षीदाराला आधी बसवून पाणी द्यावे, मग शांतपणे वेळ विचारावी, दिशा विचारावी, सूर्य मावळला तिथून डावीकडे की उजवीकडे, किती बोटे वर, टोके कुठे, आणि हे सगळे वहीत लिहावे. दिसला नाही असे सांगणाऱ्यांचेही लिहावे, ढग होते का तेही. दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या तर त्यांचा उपयोग खगोलशास्त्रज्ञांनाही होईल. महाराष्ट्रात या कामाची परंपरा परकी नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. ती चालवली कावसजी नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने, दुर्बीण आली डब्लिनच्या ग्रबकडून, आणि १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची निरीक्षणे याच नायगमवालांनी जेऊरला केली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले तशी वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेले. पुण्यात आयुकासारखी संस्था आज आहे, आणि घरी आरसा घासून दुर्बीण करणारे हौशी लोकही.

सहा इंचांचा आरसा घासायला दोन जाड काचा, कार्बोरंडमची पूड, पाणी आणि चिकाटी लागते. काच काचेवर फिरवत राहिले की वरची आपोआप गोलाचा भाग होते. त्या गोलापासून अन्वस्तापर्यंतचे शेवटचे पाऊल मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढे असते. ते तपासायची पद्धत फूकोने १८५८ मध्ये दिली: एक बारीक दिवा, आरशातून परत येणाऱ्या प्रकाशाच्या टोकाशी हळूच सरकवलेले एक दाढीचे ब्लेड, आणि ब्लेडमागे डोळा. आरशावर कुठे उंचवटा आहे, कुठे खळगा आहे, ते सावल्यांतून असे दिसते की जणू डोंगरदऱ्याच. ब्लेडची किंमत दोन-चार रुपये असते. शाळेच्या प्रयोगशाळेत ईदनंतरच्या सुट्टीत, सगळ्या आळ्यांतली दहा मुले आणि एक सवड असलेले शिक्षक मिळाले, तर पुढच्या शाबानच्या २९ तारखेला गच्चीवर स्वतः घासलेला आरसा नेता येईल. फक्त सूर्य पुरता मावळेपर्यंत त्या नळीवर टोपण घट्ट बसवलेले असावे आणि ते काढायचे काम पोरांकडे देऊ नये.